झोपेतल्या लाथा

स्वप्नात आपण पळतो, पडतो, न केलेल्या अभ्यासाचा पेपर लिहितो, आणि सकाळी उठतो ते त्याच गादीवर. फार तर चादर पायाशी गोळा झालेली. आपण खरंच उठून का पळत सुटत नाही, हा प्रश्न मला आजवर कधी पडला नव्हता. मागचे तीन वीकेंड मात्र मी हेच वाचत बसलेय. कारण सांगते, पण आधी थोडी गोष्ट.

१९५०चं दशक नुकतंच सुरू झालं होतं. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी होता, पैशांची चणचण असलेला. तळघरात धूळ खात पडलेलं मेंदूच्या लहरी नोंदवणारं एक जुनं यंत्र त्याने चालू केलं आणि आपल्या आठेक वर्षांच्या मुलालाच त्यावर झोपवलं. मुलगा गाढ झोपेत, आणि डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या पेना मात्र सैरावैरा नाचतायत! याला आधी वाटलं, यंत्रच बिघडलंय. (आपण नाही का, लॉगमध्ये काही विचित्र दिसलं की आधी मॉनिटरिंगला शिव्या घालतो.) पण यंत्र ठीक होतं. १९५३ साली त्याने आणि त्याचे गाइड नेथनियल क्लाइटमन यांनी हे 'सायन्स'मध्ये छापलं. त्या अवस्थेत जागं केलेली माणसं बहुतेक वेळा स्वप्न सांगायची. डोळे भराभरा हलतात, म्हणून नाव पडलं रेम झोप.

साधारण दर दीड तासाने ही अवस्था येते. पहिल्यांदा काही मिनिटंच, मग लांबत लांबत पहाटे सगळ्यात मोठी. म्हणजे रात्री दोनला झोपून सहाचा गजर लावणारे आपण नेमकी हीच झोप कापतो. असो, तो वेगळा विषय.

मजा अशी की रेममध्ये मेंदूच्या लहरी जवळपास जागेपणीसारख्या दिसतात. भावनांचा भाग जोरात असतो, तर्क लावणारा कपाळामागचा भाग मंदावलेला. म्हणूनच शाळेतल्या बाई आपल्या स्टँडअप मीटिंगला आल्या तरी आपल्याला काही वावगं वाटत नाही. नाडी आणि श्वास अनियमित होतात, घाम-कुडकुडणं जवळजवळ बंद पडतं. आणि हातपाय? पूर्ण लुळे. मेंदू 'पळ' म्हणून हुकूम सोडत असतो, पण मेंदूच्या देठातून निघणारा दुसरा संदेश मज्जारज्जूतल्या पेशींना गप्प करतो. सुटतात ते डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा. सुटतात म्हणूनच आपण जिवंत राहतो! आपल्या भाषेत, प्रोग्रॅम फुल लोडवर चालू आहे, पण प्रॉडक्शनची वायर काढून ठेवलीय.

ही वायर कुठे असते ते फ्रान्समधल्या लियाँच्या मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर शोधलं. देठातल्या एका छोट्या भागाला इजा केली, तर झोपलेली मांजरं रेममध्ये उठायची, दबा धरायची, नसलेल्या उंदरावर झडप घालायची. वाचताना अंगावर काटा आला. कारण आमच्या घरी हे मी पाहिलं होतं.

बाबा एकाहत्तर वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले, आवाज न चढवणारे. वर्षभरापासून पहाटे ओरडतात, लाथा झाडतात. आईला गंमत वाटायची, "अहो, आज कोणाशी मारामारी?" बाबांना स्वप्न स्वच्छ आठवायचं: कुत्री अंगावर आली, चोर शिरला. मग एकदा त्यांची मूठ टेबलाच्या कडेवर बसली आणि टाके पडले.

१९८६ मध्ये मिनियापोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी माणसांमधल्या या प्रकाराचं सविस्तर वर्णन केलं. नंतर त्यांनी असे २९ पुरुष पाहत ठेवले. १९९६ पर्यंत त्यातल्या ११ जणांना पार्किन्सन्ससारखा आजार सुरू झाला होता. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या १२८० रुग्णांचा मोठा अभ्यास आला: बारा वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांना पार्किन्सन्स किंवा तत्सम स्मृतिभ्रंश. कारण अशा आजारांत पेशींत साठणारं एक प्रथिन पुष्कळदा देठातली ही वायर आधी खातं, हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

थांबवणारं औषध अजून नाही. मेलाटोनिनने किंवा दुसऱ्या एका गोळीने लाथा कमी होतात, एवढंच. मग बाबांना सांगायचं का? भाऊ म्हणाला, अजिबात नको, उगाच बारा वर्षं घाबरत काढतील. त्याचं म्हणणं चूक नाही. पण मला वाटतं, शरीर बाबांचं आहे, माहितीही त्यांचीच. शिवाय घोरण्याच्या आजाराने किंवा काही गोळ्यांनीही असं होऊ शकतं, ते तपासल्याशिवाय कळणार कसं?

रविवारी चहाच्या वेळी सांगितलं. सगळं, मांजरांसकट. आई उठून आत गेली. बाबा थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "टक्के किती म्हणालीस?" सांगितले. त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे त्र्याऐंशीपर्यंत. बरं. आणि सत्तावीस टक्क्यांत बसलो तर?" तेवढ्यात आई डोळे पुसत पोहे घेऊन आली, आणि बाबांनी लिंबू मागितलं.

सध्या त्यांची गादी जमिनीवर आहे, टेबल हलवलंय, आई शेजारच्या खोलीत झोपते. शुक्रवारी रात्री तपासणी. डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी लावून झोपायचं, कॅमेरा चालू. हनुवटीचा स्नायू रेममध्ये सैल पडतो की नाही, हे मुख्य पाहायचं असतं.

बाबांनी फोन करून एकच विचारायला सांगितलंय, स्वतःची उशी आणलेली चालेल का.

चालते म्हणाले.