वरचे चार व्होल्ट

उन्हाळ्यात जळगावचा पारा 44-45 अंशांवर गेला की दुपारी कॉम्प्युटर लावायचा नाही, हा बाबांचा दंडक होता. डेसिबेल्सने परवाना घेऊन भारतात विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस आमच्याकडे होता. 3.5 मेगाहर्ट्झचा झेड-80ए प्रोसेसर, 48 के मेमरी, आणि पंखा मुळीच नाही. कॅसेटवरून खेळ चढेपर्यंत चार-पाच मिनिटं ती किर्रर ऐकत बसायचं, तेवढ्यात कीबोर्डखालून ऊब यायला लागायची. बाबांनी खाली दोन लाकडी पट्ट्या सरकवून ठेवल्या होत्या, हवा खेळावी म्हणून. आई पदर खोचून यायची, हाताने चाचपायची आणि म्हणायची, “अगं, ताप आलाय त्याला. बंद कर बघू.”

प्रोसेसर तापतो, असंच सगळे धरून चालायचे. तो तापत नाही असं नाही, पण खरी ऊब त्याची नव्हतीच. हे मला कळलं ते पुण्यात शिकायला आल्यावर. पासोड्या विठोबापाशी सुट्या भागांची दुकानं पालथी घालताना 7805 हा तीन पायांचा रेग्युलेटर मी पहिल्यांदा हातात घेतला. स्पेक्ट्रममध्ये तोच असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेला. अ‍ॅडॅप्टरमधून येतात 9 व्होल्ट, चिप्सना हवेत 5. वरचे चार व्होल्ट हा रेग्युलेटर अक्षरशः जाळून टाकतो. एक अँपिअर प्रवाह धरला तर ही चार वॅट उष्णता झाली, आणि तिचा गणिताशी, चित्राशी, खेळाशी काडीचा संबंध नाही.

त्याच सुमारास पेंटियमची चर्चा होती. 1993 सालचे 60 आणि 66 मेगाहर्ट्झचे पहिले पेंटियम 5 व्होल्टांवर चालत. 66चा तर 16 वॅटपर्यंत जाई. पुढच्याच वर्षी 90 आणि 100 मेगाहर्ट्झचे आले ते 3.3 व्होल्टांवर, आणि वेग वाढूनही ते पहिल्यांपेक्षा कमी तापत. कारण अशा चिपमध्ये खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मला या गोष्टीने वेड लावलं. जिकडेतिकडे मोठा पंखा, मोठा हीटसिंक यांची चढाओढ चाललेली, आणि खरं काम केलं होतं ते मुळातच कमी वीज घेणाऱ्या चिपने. पुढे नोकरीत कितीतरी यंत्रं उघडली, तरी ही खूणगाठ सुटली नाही.

जळगावचं घर आवरताना स्पेक्ट्रम माझ्याकडे आला. उघडताना जीव मुठीत धरला, कारण कीबोर्डच्या मेंब्रेनच्या दोन पातळ पट्ट्या इतक्या वर्षांत पापडासारख्या कडक होतात आणि वाकल्या की तडकतात. त्या सरळ वर ओढून सोडवल्या. रेग्युलेटरखालची पांढरी पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती पेस्ट असते दोन धातूंमधल्या फटी बुजवायला. फटीत हवा राहिली की उष्णता पलीकडे नीट जात नाही. नवी लावली असती तरी चाललं असतं, आणि संग्रहासाठी जपायचं असेल त्याने तेवढंच करावं. पण मला हा रोज चालवायचा होता. मी 7805 काढून त्याच तीन भोकांत बसणारा स्विचिंग रेग्युलेटर लावला. तो वरचे व्होल्ट जाळत नाही, वीज भराभर तोडत-जोडत पाच व्होल्ट देतो. नव्वद टक्क्यांहून जास्त वीज कामी येते. पत्रा आता हाताला जेमतेम कोमट लागतो, अ‍ॅडॅप्टरही थंड राहतो. असा रेग्युलेटर मात्र चांगल्या प्रतीचा घ्यावा. हलक्या मोड्यूलने टीव्हीच्या चित्रात बारीक लहरी येतात.

मग उरली फेरांटी कंपनीची यूएलए चिप. टीव्हीवर चित्र पाठवणं, कीबोर्ड वाचणं, कॅसेट ऐकणं हे सगळं ती एकटी करते. तिच्यातले ट्रान्झिस्टर बायपोलर, त्यामुळे काम असो-नसो, ती वीज ओढतच राहते. तिच्यावर बोट फार वेळ ठेववत नाही. वर कीबोर्ड असल्याने उंच हीटसिंक मावत नाही. मी उष्णतावाहक चिकटपट्टीने बुटक्या पंखांचा एक बसवला. प्लास्टिकच्या आवरणातून उष्णता सावकाशच वर येते, बरीचशी पायांतून बोर्डात उतरते, म्हणून फरक बेताचाच. तरी तो हवाच होता. ही चिप गेली तर तिच्या जागी नव्या बनावटीची बसवता येईल, पण मला हीच टिकवायची आहे.

प्रोसेसरला मी हात लावलेला नाही. झेड-80चीच सीमॉस आवृत्ती त्याच चाळीस पायांत येते आणि फारच कमी वीज घेते. झायलॉगने 2024मध्ये तिचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मी घाईने एक घेऊन ठेवली. जुना झेड-80ए जरासा तापतो, पण त्याला झेपेल इतकाच. आणि तो जे तापतो ते काम करून तापतो. त्याला सोल्डरमधून उपटायला माझा हात धजत नाही. नवी चिप काळ्या फोममध्ये पाय रोवून डबीत आहे, लागलीच तर असावी म्हणून.