जुन्या मोटारीची सोबत

पंच्याहत्तरीनंतर मोटारप्रेमींच्या मंडळाचे सभासद व्हावे काय, हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी उभा राहिला. काचबिंदूने बाजूची दृष्टी आक्रसल्यामुळे यजमानांनी गाडी चालवणे सोडले होते; दारातील १९७२ ची फियाट मात्र त्यांना विकवत नव्हती. इतरांना गाडी चालवताना पाहून त्यांचे मन अधिकच खचेल काय, ही माझी खरी चिंता होती.

वर्गणी, पेट्रोल व दुरुस्ती यांचा हिशेब आजही आतबट्ट्याचाच आहे. परंतु स्टिअरिंगजवळचा गियर कसा टाकावा, कार्बोरेटर कसा जुळवावा, हे विचारायला तरुण सभासद यांच्याकडे येतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्यांचे अंतरंग यांना तोंडपाठ आहे. ज्यांचे बोलणे औषधांच्या वेळांपुरते उरले होते, ते आता रविवारची वाट पाहतात. गाडी पुतण्या चालवतो. हे शेजारी बसून इंजिनाचा आवाज पारखतात.

काही पथ्ये मात्र आम्ही कटाक्षाने पाळतो. बंद जागेत इंजिन चालू ठेवायचे नाही, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उन्हातला लांबचा फेरा टाळायचा. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. परंतु मग ती नित्य वापरता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

गेलेली दृष्टी परतणार नाही. घरी विचारपूस करणारी माणसे मात्र वाढली, आणि तेवढ्यासाठी ही वर्गणी मला जड वाटत नाही.