बदली

बाबांनी यंदा बढतीची बदली नाकारली, तेव्हा मनातल्या मनात मी त्यांना भित्रे म्हटले.

सुट्टीत, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने जीवाणूंच्या डीएनएतील ‘टीएन ५’ या तुकड्याची गोष्ट सांगितली. एक विकर त्याला उचलून दुसऱ्या जागी बसवते. ते ४७६ अमिनो आम्लांचे, स्वभावाने मंद. १९९८ साली गोरिशिन आणि रेझ्निकॉफ यांनी अवघ्या तीन अमिनो आम्लांत बदल असलेले त्याचे अतिचपळ रूप वापरून दाखवले.

“मग निसर्गाने मंदच का ठेवले?”

“ताई, तुकडा सारखा उड्या मारू लागला, तर जीवाणूची कामाची जनुके मोडतील. घरच मेले, तर पाहुणा राहील कुठे?”

चार गावांतल्या चार शाळा, दर वेळी तुटलेल्या मैत्रिणी आठवल्या. बाबांसाठी वापरलेला तो शब्द मी मनातच परत घेतला.