हेलकाव्यांचा बंदोबस्त

आदळण्याच्या अनुभवासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. धक्का, दणका, गचका, हिसका, हादरा, हेलकावा. आणि हे शब्द एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. गचका खालून येतो, हिसका ओढून नेतो, हादरा एकदाच बसतो पण आत खोल पोहोचतो. हेलकाव्याची तऱ्हा निराळी. तो आला की लगेच जात नाही, मूळ कारण मागे पडल्यावरही चालूच राहतो. बैलगाडीतून आणि एस.टी.च्या मागल्या बाकावरून पिढ्यान्‌पिढ्या प्रवास केलेल्या समाजाने ही वर्गवारी अंगावर सोसून केली असणार. अशा भाषेने ‘शॉक अॅब्सॉर्बर’ला ‘धक्काशोषक’ म्हणून हात झटकावेत, याचे आम्हांला अलीकडे नवल वाटू लागले आहे. आम्ही दोघेही भाषेचे शिक्षक. मोटारीचे काम निघाले तरी आमचे पाऊल आधी शब्दात अडकते.

मोटार १९९९ सालची मारुती ८०० आहे. या जातीची पहिली गाडी डिसेंबर १९८३मध्ये दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचे उत्पादन थांबले. आमची गाडी पंधरा वर्षांची मुदत केव्हाच ओलांडून पुनर्नोंदणीवर जगते आहे. ती विकून टाकण्याचा सल्ला आम्हांला पुष्कळांनी दिला. सल्ला वाईट नव्हता. परंतु नव्या गाडीचे पैसे ज्या खात्यातून यायचे, त्या खात्याचे तोंड सध्या आईच्या औषधांकडे आहे.

आई गडचिरोलीस राहते, आम्ही चंद्रपुरास. हाडे ठिसूळ झाल्यामुळे गेल्या वर्षी तिच्या पाठीचा एक मणका दबला. तपासणीसाठी तिला महिन्यातून एकदा चंद्रपुरास आणावे लागते. व्याहाडजवळ वैनगंगा ओलांडायची, सावली, मूल, चिचपल्ली करीत यायचे. अंतर सुमारे ८० किलोमीटर. डॉक्टरांनी ‘गचके टाळा’ एवढेच सांगितले. दुसऱ्या खेपेला सावलीच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडीचे मागचे अंग असे बसले की आईने हुंदकाही न देता समोरच्या आसनाची पाठ घट्ट धरली आणि मूल येईपर्यंत ती सोडली नाही. गाडी त्या खड्ड्यानंतरही तीन-चार वेळा वरखाली झाली होती. आईच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती.

मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकवून भार दिला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली. धड शॉकअप असता तर ती वर येऊन जवळजवळ तिथेच थांबली असती. मग त्यांनी चाकामागे वाकून नळीवरून बोट फिरवले. बोटाला तेलमिश्रित काळी धूळ लागली. टायरही त्यांनी तळहाताने चाचपला. तो सरळ झिजला नव्हता, ठिकठिकाणी खोलगट झाला होता. चाक रस्त्यावर नीट न टेकता नाचत राहिले की टायर असा चावल्यासारखा झिजतो.

आम्ही म्हणालो, “म्हणजे हे आता धक्के शोषत नाहीत.”

“कोनताच शॉकअप धक्का खात नाही जी, सर,” ते म्हणाले. “धक्का तं स्प्रिंगच खाते. हा फकस्त तिले नाचू देत नाही.”

या एका वाक्याने आमच्या ‘धक्काशोषका’चे काम तमाम झाले. खड्ड्याचा आघात स्प्रिंग दबून स्वतःत साठवते. साठवलेले ते परत करणारच. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि त्या तेलातून बारीक छिद्रे असलेला दट्ट्या सरकतो. स्प्रिंग उसळू पाहते तेव्हा तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या झटापटीत उसळीचे रूपांतर उष्णतेत होते आणि ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते. खडबडीत रस्त्यावरून लांब पल्ला मारून आल्यावर शॉकअपची नळी हाताला गरम लागते ती यामुळेच. म्हणजे गाडीचे वजन पेलणे याचे काम नव्हे आणि धक्का गिळणे हेही नव्हे. धक्का होऊन गेल्यावर त्याची उजळणी होऊ न देणे, एवढेच याचे काम. भौतिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत याला ‘अवमंदन’ असा नेमका शब्द आहे. तो वर्गाबाहेर कधी पडला नाही. गॅरेजने ‘शॉकअप’ करून घेतले आणि कोशांनी ‘धक्काशोषक’. दोघांनाही हेलकावा हा आपला जुना शब्द आठवला नाही.

(नावांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगावे. आपल्याकडे शॉकअपशी जोडले गेलेले ‘गॅब्रिएल’ हे नाव मुळात अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या एका मोटारीच्या भोंग्याचे. देवदूताच्या तुतारीवरून ते ठेवलेले. भोंगेवाल्यांनी पुढे हेलकावे आवरणारे साधन काढले. भारतात त्या नावाची कंपनी १९६१मध्ये उभी राहिली. वाजण्यासाठी घेतलेले नाव गप्प बसवणाऱ्या वस्तूला चिकटले.)

निवड करणे सोपे जाईल अशी आमची समजूत होती. बाजारात तीन वाटा दिसल्या. पहिली, जुनेच शॉकअप ‘रिकंडिशन’ करून घेणे. नळीला भोक पाडून तेल बदलायचे आणि भोक वितळजोडाने बुजवायचे. मारुती ८००च्या पुढल्या चाकांचा शॉकअप हा सुटा दांडा नसतो. चाकाला उभे धरून ठेवणारा खांबच तो. त्याला स्ट्रट म्हणतात. असल्या खांबाला भोक पाडून जोडणे आम्हांला पटेना. उरल्या दोन वाटा: साध्या तेलाचा, किंवा तेलावर कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला. दुकानदाराचा जोर दुसऱ्यावर होता आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दट्ट्या फार वेळ वेगाने सरकला की तेलात फेस होतो, आणि फेसाळलेले तेल काहीच अडवत नाही. गॅसचा दाब तो फेस धरू देत नाही.

आम्हांला दर महिन्याला आलापल्लीवरून भामरागडला जायचे असते तर आम्ही डोळे मिटून गॅसचा घेतला असता. आलापल्ली, एटापल्ली, आष्टी या पट्ट्यात सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांनी रस्त्याचे काय केले ते तिकडे जाणाऱ्यांना सांगायला नको. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांची मोठी चाचणी झाली, तीतून निघालेला ढोबळ नियम असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते. आमच्या साडेसहाशे किलोच्या गाडीने त्या हिशेबात काहीच बिघडवलेले नसते. ती फक्त भोगते.

पण आमची वाट मूलची, आणि आई मागे बसलेली असताना आमचा वेग चाळिसाच्या वर जात नाही. त्या वेगाने तेलाला फेस येण्याइतके काम पडत नाही. उलट गॅसचा शॉकअप थोडा ताठ असतो. एवढ्या हलक्या गाडीत बारीकसारीक खडबड तो अंगापर्यंत पोहोचवतो. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला चार ते आठ उभ्या कंपनांना सर्वांत हळवे असते, असे कंपनांचे शास्त्र सांगते. गाडी स्प्रिंगवर सेकंदाला एक-दोनदा संथपणे हलली तर शरीर ते सोसते, चालतानाही आपण साधारण तसेच हलतो. बारीक थरथर मात्र मणक्याला जाचते. दुसऱ्या बाजूने, फार मऊ शॉकअप घ्यावा तर स्प्रिंग तळाला जाऊन टेकते, आणि आईला सावलीजवळ बसला तो गचका तोच होता. शिवाय रस्ता जंगलातला. चितळ आडवे आले की ब्रेक लागायला चाक जमिनीवर हवे. शेवटी कारखान्याने या गाडीसाठी ठरवलेल्या मोजमापाचे, साध्या तेलाचे चार नग आम्ही घेतले. चारही एकदम, कारण एका आसावर एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी कुठल्याही बाजूची राहत नाही.

मिस्त्रींनी गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच तेल पाजून ठेवले होते. सकाळी गाडी घोड्यांवर चढवली, पुढचे चाक काढले, स्ट्रटला अडकवलेली ब्रेकची नळी सोडवली आणि खालच्या दोन बोल्टांच्या जागी खडूने खुणा केल्या. स्ट्रट बाहेर आला की खरी जोखीम सुरू होते. दबलेली स्प्रिंग त्याच्याभोवती असते; वरचा मधला नट आधी सोडला तर ती जबडा फोडील इतक्या जोराने सुटते. मिस्त्रींनी आम्हांला चार पावले मागे उभे केले, समोरासमोर दोन आकडे लावून आळीपाळीने थोडेथोडे आवळले, आणि स्प्रिंग बैठकीत सैल झाल्यावरच नटाला पाना लावला. वरचे रबर आणि बेअरिंगही बदलले. वळताना येणारी कटकट तिथली होती.

नवा शॉकअप बसवण्यापूर्वी त्यांनी तो उभा धरून पाच-सहा वेळा दाबला-ओढला. आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा अशी वर जाते. मग जुना आमच्या हाती दिला. दांडा पाण्यात काठी घालावी तसा खाली गेला. नव्याला आम्ही दोघांनी जोर लावला तेव्हा तो त्याच्याच चालीने सरकला, घाई त्याला मान्य नव्हती. मागच्या शॉकअपचे बोल्ट मिस्त्रींनी हाताने बसवून तसेच सोडले आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर मगच आवळले. अधांतरी आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच कायम राहतो आणि लवकर फाटतो. दुपारी चाकांची अलाइनमेंट झाली. मिस्त्रींच्या सांगण्यावरून मागच्या आसनाचा बसका स्पंजही बदलला. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

पुढच्या खेपेला सावलीजवळचा तो खड्डा होता तिथेच होता. गाडी त्यात उतरली, वर आली आणि थांबली. आईने समोरच्या आसनावर हात ठेवला होता, धरला नव्हता. मूलच्या पुढे ती लहानपणच्या दमणीबद्दल बोलू लागली. उन्हाळ्यात वैनगंगेच्या वाळूतून तिच्या मामाच्या गावाला जाताना खाली तणसाचा जाड थर घालीत, आणि तो दाबला की दाबलेलाच राही, बसलेल्याला वर फेकत नसे. तणस दर खेपेला नवे घालावे लागे, असे तिने सांगितले, आणि चिचपल्ली मागे पडली तेव्हा तिचा डोळा लागला होता.