पंच्याण्णव टक्के कशाचे?

संख्याशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात संभाव्यतेशी पहिली ओळख मोजणीतून होते. सर्व निष्पत्ती सारख्याच शक्यतेच्या आहेत असे गृहीत धरायचे, त्यांतील अनुकूल निष्पत्ती मोजायच्या आणि एकूण निष्पत्तींच्या संख्येने त्यांना भागायचे, या रीतीने फासे, पत्ते आणि रंगीत चेंडूंची पिशवी एवढ्या सामग्रीवर पहिले सत्र पार पडते. पुढे अनुमानाचा भाग येतो, म्हणजे हाती आलेल्या छोट्या नमुन्यावरून न पाहिलेल्या समष्टीविषयी काही विधान करण्याचा भाग येतो, तेव्हा तोच शब्द वेगळ्या अर्थाने वापरला जाऊ लागतो. आता संभाव्यता हे एखादी पद्धत पुनःपुन्हा वापरली असता ती किती वेळा बरोबर ठरेल याचे माप असते. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हा अर्थबदल एखाद्या वाक्यात उरकलेला असतो. प्रस्तुत लेखिकेने आधी विद्यार्थिनी म्हणून तीन वर्षे आणि नंतर शिक्षिका म्हणून त्याहून पुष्कळ अधिक काळ या विषयाच्या सहवासात घालवला, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका गणिताच्या नसून या न सांगितलेल्या अर्थबदलाच्या असतात, असे तिचे त्यातून ठाम मत झाले आहे.

या चुकांतील सर्वांत चिवट चूक मोठ्या संख्यांच्या नियमाभोवती असते. जेकब बर्नुली यांच्या मृत्यूनंतर 1713 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा नियम प्रथम सिद्ध झाला. प्रयोगांची संख्या पुरेशी वाढवली की घटनेचे प्रत्यक्ष आढळलेले प्रमाण तिच्या संभाव्यतेपासून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक दूर असण्याची शक्यता आपल्याला हवी तितकी लहान करता येते, एवढाच त्याचा आशय आहे. विद्यार्थी मात्र त्याचे भाषांतर मनातल्या मनात असे करतात की नाणे बरेचदा उडवले की छापे आणि काटे सारखे होतात, आणि म्हणून सलग पाच छापे पडले असतील तर आता काटा पडण्याची पाळी आहे. ज्या विद्यार्थ्यांना नियमाची सिद्धता पाठ असते, तेही नाणे हातात आले की याच भाषेत बोलू लागतात, हे वर्षानुवर्षे पाहिल्यानंतर लेखिकेने सिद्धतेआधी जॉन केरिक यांची आकडेवारी फळ्यावर लिहिण्याचा क्रम स्वीकारला.

केरिक हे दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथील विटवॉटर्सरँड विद्यापीठातील गणिताचे अध्यापक होते. एप्रिल 1940 मध्ये जर्मनीने डेन्मार्कचा ताबा घेतला तेव्हा ते तेथे सासुरवाडीला आलेले होते आणि त्यांना जटलंडमधील एका छावणीत स्थानबद्ध व्हावे लागले. त्या सक्तीच्या काळात त्यांनी एक नाणे 10,000 वेळा उडवून प्रत्येक निकालाची नोंद ठेवली, आणि युद्ध संपल्यावर 1946 मध्ये त्यावर छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. पहिल्या 100 फेकींत छापे 44 पडले, म्हणजे निम्म्यापेक्षा 6 कमी. 1,000 फेकींअखेर ते 502 होते, म्हणजे 2 अधिक. 2,000 अखेर 1,013, 5,000 अखेर 2,533 आणि 10,000 अखेर 5,067. निम्म्यापासूनचे अंतर 2 वरून 13, तेथून 33 आणि शेवटी 67 झाले, तरी छाप्यांचे प्रमाण 44 टक्क्यांवरून 50.67 टक्क्यांवर आले. छापे आणि काटे सारखे झाले नाहीत. उलट त्यांच्यातील फरक वाढला, पण फेकींची संख्या त्याहून पुष्कळ वेगाने वाढल्यामुळे तो फरक तिच्यात विरून गेला. सूत्रही हेच सांगते: समतोल नाण्याच्या बाबतीत निम्म्यापासूनचे अपेक्षित विचलन फेकींच्या वर्गमुळाच्या निम्मे असते, म्हणजे 100 फेकींना 5 आणि 10,000 फेकींना 50, तर टक्केवारीत तेच विचलन 5 वरून अर्ध्या टक्क्यावर येते. नाण्याला मागचे काही आठवत नाही आणि त्यामुळे त्याला कसलीही तूट भरून काढायची नसते, हे विधान या पाच आकड्यांनंतर विद्यार्थ्यांना जितके पटते तितके ते सिद्धतेने पटल्याचे लेखिकेच्या पाहण्यात नाही.

त्यानंतरचा प्रयोग अनेक देशांतील वर्गांत केला जातो आणि तो कितीही वेळा केला तरी त्याचे नावीन्य ओसरत नाही. अर्ध्या वर्गाने नाणे 200 वेळा प्रत्यक्ष उडवून निकाल क्रमाने लिहायचे, उरलेल्या अर्ध्या वर्गाने नाण्याला हात न लावता मनाने 200 निकाल लिहायचे, आणि कोणता कागद कोणाचा हे शिक्षिकेने तिऱ्हाइताप्रमाणे ओळखायचे. मनाने लिहिणारे विद्यार्थी सलग चार छापे झाले की अस्वस्थ होतात आणि पाचव्या जागी काटा लिहितात. खरे नाणे मात्र तसे वागत नाही, कारण 200 फेकींत कोठेतरी सलग सहा किंवा अधिक वेळा एकच बाजू पडण्याची संभाव्यता सुमारे 96 टक्के असते. त्यामुळे कागदावर नुसती लांब साखळी शोधली तरी बहुतेक वेळा निवाडा बरोबर येतो. यादृच्छिकता, म्हणजे पुढच्या निकालाचा आधीच्या निकालांवरून अंदाज करता न येणे, ही दिसायला नीटनेटकी नसते हे विद्यार्थ्यांना त्या तासाला कळते, आणि आपल्या मनाला यादृच्छिक लिहिता येत नाही हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी शांतता पसरते ती अध्यापनातील मोलाच्या क्षणांपैकी एक आहे.

अशाच एका तासानंतर एक विद्यार्थिनी वर्ग रिकामा होईपर्यंत थांबली. ती चौथी मुलगी होती, आणि तीन मुलींच्या पाठीवर आता मुलगाच होणार असे तिच्या जन्माआधी घरात सर्वांनी धरून ठेवले होते, ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने एवढेच विचारले, "मॅडम, म्हणजे तेव्हाही शक्यता पहिल्या वेळेइतकीच होती ना?" उत्तर होकारार्थी होते. नैसर्गिक स्थितीत दर 100 मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात, म्हणजे मुलगा होण्याची संभाव्यता अर्ध्याहून किंचित अधिक असते, आणि आधीच्या अपत्यांमुळे तिच्यात सांगण्यासारखा फरक पडत नाही. लेखिकेने तेव्हा इतकेच सांगितले. पण त्या मुलीच्या घरातील कित्येक वर्षांची निराशा एका चुकीच्या गणितावर उभी होती आणि ते गणित कोणीही कधी खोडून काढले नव्हते, ही जाणीव पुढे पुसली गेली नाही. स्वतंत्र घटनांची व्याख्या, म्हणजे एक घटना घडल्याच्या माहितीने दुसरीची संभाव्यता बदलत नसेल तर त्या दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र होत, ही तेव्हापासून लेखिकेच्या वर्गात फाशांच्या उदाहरणाने कधीच सुरू झाली नाही.

अनुमानाच्या भागातील अडचण याहून सूक्ष्म असते, आणि तेथे लेखिकेची स्वतःचीही चूक झालेली आहे. समष्टीतील जी संख्या आपल्याला ठाऊक नसते आणि जाणून घ्यायची असते तिला प्राचल म्हणतात. नमुन्यावरून तिच्यासाठी एकच संख्या न सांगता एक खालची आणि एक वरची मर्यादा सांगितली की विश्वासांतराल मिळतो, ज्याला वर्गात सर्रास कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हटले जाते. प्रमाणाच्या बाबतीत नमुन्यातील प्रमाण घ्यायचे, ते आणि एकमधून ते वजा केलेली संख्या यांच्या गुणाकाराला नमुन्याच्या आकाराने भागून वर्गमूळ काढायचे, त्याला 1.96 ने गुणायचे, आणि येणारी संख्या प्रमाणातून वजा करून व त्यात मिळवून दोन टोके लिहायची. पदवीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत या अंतरालाचा अर्थ विचारला गेला तेव्हा लेखिकेने उत्तर दिले की खरे प्रमाण या दोन टोकांमध्ये असण्याची शक्यता 95 टक्के आहे. उत्तर चुकीचे होते आणि त्याला पूर्ण गुण मिळाले. ते चुकीचे असल्याचे स्वतः शिकवायला उभे राहण्याची वेळ येईपर्यंत समजले नाही. खोडलेल्या उत्तरापेक्षा चुकून बरोबर ठरवलेले उत्तर विद्यार्थ्याचे अधिक नुकसान करते, असे लेखिकेला तेव्हापासून वाटत आले आहे.

विश्वासांतरालाची कल्पना येर्झी नेमन यांनी मांडली आणि 1937 च्या निबंधात तिची सविस्तर उपपत्ती दिली. तिच्यात प्राचल ही अज्ञात असली तरी स्थिर संख्या आहे. हलतो तो अंतराल, कारण नमुना बदलला की त्याची टोके बदलतात. जत्रेत मांडलेल्या वस्तूंवर कडी टाकण्याचा खेळ असतो, त्यात वस्तू जागची हलत नाही आणि प्रत्येक फेकीला कडीच वेगळ्या ठिकाणी पडते, तसे हे आहे. 95 टक्के हे विशेषण टाकण्याच्या पद्धतीचे आहे, एकदा पडून स्थिरावलेल्या कडीचे नाही. तिच्यात वस्तू एक तर सापडलेली असते किंवा नसते. केरिक यांच्या पहिल्या 100 फेकींवरून हा अंतराल 0.343 ते 0.537 असा येतो आणि सर्व 10,000 फेकींवरून 0.497 ते 0.516 असा, नमुना शंभरपट झाला तेव्हा अंतराल दहापट अरुंद झाला, आणि अचूकतेचे आणखी एक दशांशस्थळ मिळवण्यासाठी नमुन्याला किती किंमत मोजावी लागते हेही त्याच ओळीत दिसून गेले.

एवढे सांगूनही अर्थ मनात उतरत नाही, असा अनुभव आहे. तो उतरतो प्रत्येकाने स्वतः 100 वेळा नाणे उडवून आपापला अंतराल काढल्यावर. साठ विद्यार्थ्यांचे साठ अंतराल फळ्यावर एकाखाली एक आडव्या रेघांनी काढले आणि 0.5 वर एक उभी रेघ ओढली की बहुतेक आडव्या रेघा तिला छेदतात आणि मोजक्या बाजूलाच राहतात. ज्याला 40 किंवा त्याहून कमी, अथवा 60 किंवा त्याहून अधिक छापे मिळतात त्याचा अंतराल 0.5 ला चुकवतो. नाणे समतोल असेल तर याची संभाव्यता सुमारे 5.7 टक्के आहे, म्हणजे साठांत तीन-चार जण अपेक्षित आहेत. ती नेमकी 5 टक्के नाही, कारण छाप्यांची संख्या पूर्णांकी असते आणि 1.96 हा आकडा प्रसामान्य वितरणाच्या सलग वक्रावरून आलेला असतो. जिज्ञासू विद्यार्थी हा फरक विचारतात आणि तो विचारला जावा अशीच शिक्षिकेची इच्छा असते. पण खरा प्रश्न येतो तो बाजूला राहिलेल्या रेघेच्या धन्याकडून. आपले कोठे चुकले, असे तो विचारतो, आकडेमोड पुन्हा तपासू लागतो, कधी पुन्हा नाणे उडवण्याची परवानगी मागतो. त्याचे काहीही चुकलेले नसते. पद्धतीने आरंभीच सांगितलेले होते की तिच्या हातून थोडे अंतराल निसटतील, आणि त्यांतला एक त्याच्या वाट्याला आला. वर्गात ती उभी रेघ कोठे काढायची हे ठाऊक असते; पिकाचा उतारा, औषधाचा गुण किंवा मतदारांचा कल मोजणाऱ्याजवळ अशी रेघ नसते, त्याच्या हाती एकच आडवी रेघ असते आणि ती छेदणारी आहे की निसटलेली हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. अनुमानशास्त्रातील सारी नम्रता या एका चित्रात आहे.

परिकल्पना परीक्षणातील पी-मूल्याचीही अशीच गत होते. नाणे समतोल आहे ही परिकल्पना खरी मानली तर हाती आलेल्या निकालाइतका किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य. वीस फेकींत 15 छापे पडले तर दोन्ही बाजूंची टोके धरून ते 0.041 येते आणि 14 पडले तर 0.115. रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवलेली 0.05 ची मर्यादा या दोहोंच्या मध्ये पडते, आणि म्हणून एका छाप्याच्या फरकाने निष्कर्षाचे नाव बदलते. नाणे समतोल असण्याची शक्यता 4 टक्के, असा या 0.041 चा अर्थ उत्तरपत्रिकांत वारंवार लिहिलेला आढळतो, तो पूर्णतः चुकीचा आहे; समतोलपणा तर आकडेमोडीच्या पहिल्याच ओळीत गृहीत धरलेला असतो.

मिळालेल्या माहितीवरून प्राचलाविषयीच संभाव्यता सांगता यावी, ही विद्यार्थ्यांची अपेक्षा मात्र निराधार नाही. टॉमस बेज यांच्या 1763 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधापासून चालत आलेल्या परंपरेत तसे करता येते, पण त्यासाठी नमुना पाहण्यापूर्वीची संभाव्यता आधी लिहून द्यावी लागते. हॅरल्ड जेफ्रीज यांनी 1939 च्या ग्रंथात ही दृष्टी पद्धतशीर मांडली, आणि केंब्रिजमध्ये त्यांच्या हाताखाली संशोधन केलेले कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार पुढे पुणे विद्यापीठाच्या 1953 मध्ये सुरू झालेल्या संख्याशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. इतक्या जवळून आलेला हा विचार पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत बहुधा शेवटच्या घटकात, तोही परीक्षेच्या तोंडावर पोहोचतो, ही खेदाची गोष्ट आहे.

हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येकाला लेखिकेची विनंती आहे की विश्वासांतरालाचे सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक रुपयाचे नाणे द्यावे, शंभर फेकी मोजून घ्याव्यात आणि सर्वांच्या रेघा एकाखाली एक काढाव्यात. एका तासिकेत हे काम पूर्ण होते.