जागा न सोडता

अमेरिकन लोकांनी ज्या खेळाला फुटबॉल हे नाव दिले आहे, त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. आमच्या बँकेत ‘चालू खाते’ म्हणून जी खाती आहेत, त्यांतली कित्येक वर्षानुवर्षे जागची हललेली नाहीत. नावात काय असते!

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिथे त्याला या खेळाचे वेड लागले, आणि सुट्टीत नांदेडला आला की तो ते आम्हांला लावू पाहतो. गेल्या खेपेस त्याने जेवणाच्या ताटाभोवती शेंगदाणे मांडून मला सगळा खेळ समजावला. अकरा विरुद्ध अकरा. मागे उभा राहून चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड रखवालदार. त्याला फेकायला उसंत मिळू द्यायची नाही, हे समोरच्यांचे काम. सोपा उपाय म्हणजे नेहमीच्या चौघांबरोबर आणखी दोघे-तिघे अंगावर सोडायचे. याला म्हणतात ब्लिट्झ. दिसायला झकास! पण जे धावून गेले त्यांच्या जागा ओस पडतात, आणि शहाणा क्वार्टरबॅक चेंडू नेमका तिथे टाकतो.

खरी करामत वेगळीच. धावायचे चौघांनीच, उरलेल्या सातांनी मागची जमीन राखायची. मग चौघे मध्येच आपापल्या वाटा बदलतात. कधी सहा जण येणार असे भासवतात, येतात चारच. पण ते चार कोणते, हे समोरच्याला आधी कळत नाही. 2008 च्या फेब्रुवारीत सुपर बोल नावाचा त्यांचा अंतिम सामना झाला. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स त्या मोसमातले अठराच्या अठरा सामने जिंकून आलेले. न्यूयॉर्क जायंट्सने मुख्यतः पुढच्या फळीच्या जोरावर टॉम ब्रेडीला पाचदा लोळवले आणि सामना 17-14 असा मारला.

“म्हणजे मामा, सगळ्यांनी अंगावर न जाता घाम फोडायचा!” भाच्याने शेवटचा शेंगदाणा तोंडात टाकीत सांगितले.

मी म्हटले, “बाबा रे, यासाठी विमानाचे तिकीट कशाला काढायचे? हे सातांचे काम आमच्या पोरी रोज संध्याकाळी करतात.”

कारण आमची कन्या कबड्डी खेळते. डाव्या कोपऱ्यात. ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर, म्हणजे 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाल्यावर पाहिली, त्यांना वाटते की बचाव म्हणजे झडप. दिसतो तेवढाच खेळ असे मानणारे लोक बँकेतही येतात. त्यांना वाटते कॅशियर म्हणजेच बँक. प्रत्यक्षात चढाई करणाऱ्याला निदानरेषा ओलांडावीच लागते; नाही ओलांडली तर तो बाद. पुरुषांच्या मैदानात ही रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, मुलींसाठी जरा अलीकडे. हातात वेळ तीस सेकंद. दोन चढाया लागोपाठ कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर बाहेर. थोडक्यात, व्याज त्याच्यावर चढत असते. आपण कशाला उठून त्याच्या दारात जायचे?

पण मन राहत नाही! गडी रेषेजवळ आला की हात शिवशिवतात, कोपऱ्यातला खेळाडू झेपावतो, घोटा हुकतो, साखळी तुटते आणि जाताजाता तो आणखी दोघांना शिवून जातो. एका उतावळेपणात तीन जण बाहेर.

आमच्याकडे मार्च महिन्यात हेच होते. अख्खी शाखा वसुलीसाठी जीपमध्ये बसून एका गावी जाते, कर्जदार मागच्या दाराने शेतात जातो, आणि इकडे काउंटरवर एक शिपाई व पेन्शनची रांग एकमेकांकडे बघत बसतात. मी लातूरला असताना आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते, ते एकटे जात. ओट्यावर बसत, सोयाबीन कसे आहे विचारीत, चहा घेत आणि कर्जाचा ‘क’ही न काढता परत येत. पुढच्या आठवड्यात पुन्हा. तिसऱ्या खेपेला समोरचाच म्हणे, “साहेब, तेवढं हप्त्याचं सांगा की!” 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते तेव्हा, एका घरी त्यांनी चहासुद्धा नको म्हटले. दारातला रांजण त्यांनी येतानाच पाहिला होता. त्या वर्षी तिथली वसुली शून्य, आणि वरून आलेली कडक चिठ्ठी त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. त्या साली पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर तो शेतकरी आपल्या पायाने शाखेत आला.

तर कन्येबद्दल सांगत होतो. मागच्या महिन्यात लातूरला तिच्या संघाचा सामना होता. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एसटीने मी गेलो. शेवटचे मिनिट, आमच्याकडे एका गुणाची आघाडी, आणि समोरच्यांची तिसरी चढाई. आलेली मुलगी चपळ होती. ती डावीकडे सरकली की आमची अर्धे पाऊल मागे. ती वळली की आमची पुन्हा अर्धे पाऊल पुढे. एकदा तर हिने झेप घेतल्यासारखा खांदा टाकला, ती दचकून मध्ये गेली, तर तिथे दोघींची साखळी हातात हात घालून तयार. माझ्यामागे एक गृहस्थ ओरडत होते, “अगं धर की! बघत काय उभी राहायलीस!” मला वळून त्यांना सांगावेसे वाटले की ती उभी नाही, कामावर आहे. पण लातुरात गर्दीशी वाद घालू नये.

तीस सेकंद संपली. शिट्टी झाली. समोरची बाद, गुण आम्हांला, आणि सामनाही.

आता अडचण अशी की जिल्ह्याच्या संघाची निवड पकडींच्या आकड्यावर होते म्हणतात, आणि त्या दिवशी कन्येच्या नावावर एकच पकड होती. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वीस वर्षे खातेवह्या पाहतो आहे. पण न झालेल्या नुकसानीचा रकाना मला अजून कुठे आढळलेला नाही. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी तर सरळ सांगितले, “पोरगी चांगली आहे हो, पण आक्रमक नाही.”

यादी सोमवारी लागणार आहे. बारा जणींची. घरात तीन दिवस कुणी धड जेवलेले नाही, कन्या सोडून. आमची ही सकाळपासून तिच्या मागे लागली आहे, “अगं, त्या सरांना एक फोन तरी कर. आपणहून गेल्याशिवाय कुणी विचारतं का?”

कन्या बुटांच्या नाड्या बांधत होती. म्हणाली, “आई, ते अजून रेषेच्या अलीकडेच आहेत.”

आणि सरावाला निघून गेली. हिने माझ्याकडे पाहिले. मी पेपर उघडला.