गाडी रात्री झोपते कुठे?

टोकियोच्या तोयोसु भागात राहताना मराठी डोळ्यांना सर्वांत आधी जाणवते ती रस्त्याची मोकळी कड. आभाळाला टेकलेल्या निवासी इमारती, जुन्या जहाजबांधणी कारखान्याच्या जागेवर २००६मध्ये उघडलेला लालापोर्ट मॉल, २०१८च्या ऑक्टोबरात त्सुकिजीहून इथे हललेला मासळीबाजार, आणि या सगळ्यांची माणसं ओतणारं आणि शोषून घेणारं स्टेशन. एवढ्या दाट वस्तीत पहाटे पाच वाजता रस्त्याच्या कडेला मुक्कामी गाड्यांची रांग नसते. पुण्या-ठाण्यात त्याच वेळी दोन्ही बाजूंच्या गाड्यांमधून दूधवाल्याची सायकलही अंग चोरून जाते. यावर आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘जपानी शिस्त’. मला हे उत्तर पटत नाही. एक तर त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही. दुसरं म्हणजे ते खरं नाही: याच टोकियोच्या रस्त्यांवर पूर्वी बेकायदा गाड्या ठाण मांडून असत. माणसं तीच राहिली, बदलला तो व्यवहार.

त्या व्यवहाराचं मूळ १९६२च्या एका कायद्यात आहे. टोकियो ऑलिंपिकला दोन वर्षं होती आणि सर्वसामान्य घराच्या दारात अजून गाडी आलेली नव्हती. तेव्हाच सरकारने ठरवलं की गाडी घ्यायची तर ती ठेवायची जागा आधी दाखवा. अशी जागा असल्याच्या दाखल्याला इथे ‘शाको शोमेइशो’ म्हणतात. गाडी जिथून वापरली जाते त्या ठिकाणापासून जागा दोन किलोमीटरच्या आत हवी (१९९१पर्यंत ही मर्यादा पाचशे मीटर होती), गाडी तिच्यात पूर्ण मावायला हवी आणि तिथून रस्त्यावर नीट निघता यायला हवं. नकाशा काढायचा, जागा दुसऱ्याची असेल तर त्याची लेखी संमती जोडायची आणि अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा. नंतर जागेची पाहणी होऊ शकते. दाखला नसेल तर नोंदणी होत नाही. याच कायद्यानुसार रस्त्याच्या एकाच जागी दिवसा बारा तासांहून किंवा रात्री आठ तासांहून अधिक काळ गाडी ठेवणं गुन्हा आहे, आणि दंड दोन लाख येनपर्यंत जाऊ शकतो. थोडक्यात, रस्ता वाहण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही, हे गाडी विकत घेण्याआधीच मालकाच्या कानावर घातलं जातं.

आपल्याकडे ‘स्मार्ट पार्किंग’ म्हटलं की बोलणं सुरू होतं ते ॲपपासून, सेन्सरपासून, रिकाम्या जागा मोजणाऱ्या फलकापासून. हे सगळं तोयोसुतही आहे. पंधरा-वीस मिनिटांच्या हिशेबाने पैसे घेणारे माणूसविरहित वाहनतळ आहेत, दुरूनच ‘रिकामं’ की ‘भरलेलं’ ते सांगणारे दिवे आहेत, गाडी लोखंडी तबकावर घेऊन पोटात उचलून ठेवणारे यांत्रिक मनोरे आहेत. पण ही यंत्रं चालतात, कारण त्यांच्या शेजारचा रस्ता फुकट नाही. दहा पावलांवर फुकट जागा मिळत असेल तर सेन्सरने दाखवलेल्या जागेला पैसे कोण मोजेल? डोनल्ड शूप या अमेरिकी प्राध्यापकाने २००५च्या आपल्या जाडजूड ग्रंथात हेच मांडलं: फुकट पार्किंगची किंमत कुणीतरी भरतच असतो, फक्त ती गाडीवाल्याच्या बिलात दिसत नाही. आपल्या सोसायट्यांत ती फ्लॅटच्या दरात मुरलेली असते. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका प्रकरणात सांगितलं की बिल्डरला स्टिल्टमधली जागा वेगळी विकता येणार नाही. ग्राहकाच्या दृष्टीने निकाल योग्यच होता, पण गाडी नसलेल्या बिऱ्हाडाने शेजाऱ्याच्या गाडीच्या छपराचा वाटा उचलायचा, हे त्याने बदललं नाही. तोयोसुत फ्लॅट स्वतःच्या मालकीचा असला तरी पार्किंगचं भाडं सहसा दरमहा वेगळं द्यावं लागतं, आणि टोकियोच्या मध्यवर्ती भागात तीस हजार येन ऐकून कुणी दचकत नाही. गाडी खरंच हवी का, हा प्रश्न इथे दर महिन्याला पुन्हा विचारला जातो.

अंमलबजावणीबद्दलही आपला एक गैरसमज आहे, की जबर दंड लावला म्हणजे झालं. २०१९च्या जुलैत मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा लावलेल्या मोटारगाड्यांना दहा हजार रुपयांचा दंड जाहीर केला. टोकियोत मनाई असलेल्या जागी गाडी सोडून गेल्याचे पंधरा हजार येन होतात, म्हणजे रक्कम त्याच्या आसपासचीच. फरक खात्रीचा आहे. २००६च्या जूनपासून हे काम खासगी निरीक्षकांकडेही सोपवलं गेलं. ते जोडीने फिरतात, फोटो काढतात, काचेवर कागद चिकटवतात आणि पुढे जातात. हुज्जत घालायला तिथे कुणी उरतच नाही. चालक पुढे आला नाही तर पैसे मालकाकडून वसूल होतात, आणि ते थकले तर गाडीच्या सक्तीच्या तपासणीचं नूतनीकरण अडतं. ‘हवा सोडली जाईल’ अशा पाट्यांवर भिस्त ठेवणाऱ्या शहराने यातली खात्री घ्यावी. आकडा तर आपणही जाहीर केला होता.

आता आक्षेप. ‘टोकियोत मेट्रो आहे, आमच्याकडे बस वेळेवर येत नाही.’ हे खरं आहे, पण कडेला उभ्या गाड्यांनी अर्धा रस्ता खाल्ला तर बस वेळेवर येणार कशी? तोयोसुलाही भुयारी रेल्वे १९८८मध्ये मिळाली, म्हणजे कायद्याच्या सव्वीस वर्षांनंतर. ‘लोक खोटे दाखले आणतील.’ आणतीलच, इथेही आणतात, त्याला खास शब्द आहे आणि शिक्षाही आहे. पळवाटा आहेत म्हणून आपण आयकर रद्द केलेला नाही. सर्वांत वजनदार आक्षेप चाळीत राहून टॅक्सी चालवणाऱ्याचा आहे. त्याने जागा कुठून आणायची? त्याच्यासाठी महापालिकेने रात्रीचे स्वस्त तळ द्यायला हवेत, आणि ते दिल्याशिवाय नियम लावणं अन्याय ठरेल. पण आज फुकट कडेचा मोठा लाभ त्याला मिळतो असं मानणं भाबडेपणाचं आहे. ती घरटी दुसरी आणि तिसरी गाडी घेणाऱ्यांनी अडवलेली असते.

जिथे जपानचं उदाहरण लंगडं पडतं, ती जागाही सांगायला हवी. शाको शोमेइशो मोटरसायकलींना लागू नाही, आणि पुणं चालतं ते दुचाकीवर. त्यासाठी दाखला नको, जागा हवी. सायकलींच्या बाबतीत टोकियोने तेच केलं: एदोगावा भागातल्या कासाइ स्टेशनखाली २००८मध्ये नऊ हजारांहून अधिक सायकलींचा तळ झाला. त्यातल्या बऱ्याच सायकली यंत्र आत ओढून घेतं आणि परत काढून देतं. आधी रास्त जागा, मग उचलणं. आपल्याकडे दुचाकी उचलणारा टेम्पो आधी येतो आणि सम-विषम तारखेची पाटी झाडाआड असते.

एक चूक तर जपानने स्वतःही केली. १९५७च्या वाहनतळ कायद्याच्या आधारे मोठ्या इमारतींवर पार्किंग बांधण्याची सक्ती आली. आज गाड्या कमी झाल्याने अनेक इमारतींतले यांत्रिक तळ ओस पडले आहेत; काही जुन्या तळांत १५५ सेंटिमीटरहून उंच गाडी शिरतच नाही, त्यामुळे नव्या उंच गाड्या बाहेर राहतात. भाडं बुडतं, देखभालीच्या निधीला भोक पडतं, आणि काही सोसायट्या ते खड्डे बुजवूनही टाकतात. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने हीच सक्ती उचलली आहे: बिल्डरने किती जागा बांधायच्या ते ठरलेलं आहे, पण मालकाने गाडी कुठे ठेवायची हे कुणी विचारत नाही. म्हणून स्टिल्टमध्ये अडगळ जमते आणि गाडी दाराबाहेर राहते.

२०२५च्या मे महिन्यात परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी नाही, असं धोरण आणण्याचं सूतोवाच केलं. त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, जपानने गाडीच्या मागच्या काचेवर लावायचं पार्किंगच्या दाखल्याचं स्टिकर बंद केलं. दाखला तसाच राहिला. माहिती पोलिसांच्या संगणकात असताना काचेवर चिकटवायचं कशाला, एवढाच हिशेब होता. आपल्याकडे धोरण आलं तर पहिली चर्चा बहुधा स्टिकर कोणत्या रंगाचं असावं याचीच होईल. जागेवर जाऊन मोजपट्टी कोण लावणार, परिवहन कार्यालय, महापालिका की पोलीस, हे मात्र फाईलमध्ये शेवटच्या पानावर असेल.